यंत्राला ‘थोडं’ आणि ‘बरंच’ कसं कळलं : फझी लॉजिकची गोष्ट

तंत्रज्ञानाच्या इतिहासावरच्या या मालिकेत आजचा विषय आहे फझी लॉजिक. हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा वाचला तो पुस्तकात नाही, तर कपडे धुण्याच्या यंत्रावर. नव्वदच्या दशकात घरात नवं वॉशिंग मशीन आलं की त्याच्यावर ‘फझी लॉजिक’ असं चकचकीत अक्षरांत लिहिलेलं असायचं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणायचा, ‘म्हणजे मशीन स्वतःच सगळं ठरवतं.’ काय ठरवतं आणि कसं ठरवतं, हे त्यालाही ठाऊक नसायचं आणि आपल्यालाही.

आज आपण त्या स्टिकरच्या मागे जाणार आहोत. प्रश्न दोन आहेत. पहिला, यंत्राला ‘थोडं’, ‘बरंच’, ‘जरा जास्त’ हे शब्द कळले कसे? आणि दुसरा, ते शब्द मुळात कोणाचे होते? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे. दुसऱ्याचं उत्तर बॉयलरपाशी आणि भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसांत आहे, आणि आमच्या मते या इतिहासाचा खरा जीव तिथे आहे.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. ‘मंद आचेवर ठेव’, ‘चवीपुरतं मीठ घाल’, ‘पाक जरा चिकट झाला की उतरव’. या सूचनांत एकही आकडा नाही. तरीही त्या सांगणाऱ्या आजीचे लाडू वर्षानुवर्षं तसेच होतात. आता आपण तिला विचारलं, ‘आजी, मंद म्हणजे किती अंश?’ तर ती आपल्याकडे बघत राहील. मग प्रश्न असा की आजीला जे येतं त्याला ज्ञान म्हणायचं की नाही? नियंत्रण अभियांत्रिकीचं, म्हणजे यंत्रं आपोआप चालवण्याच्या शास्त्राचं उत्तर बराच काळ असं होतं : आधी समीकरण आणा, मग बोलू.

शब्दांच्या सीमा पुसट असतात हे कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. ग्रीक तत्त्वज्ञ युबुलिडिस याच्या नावावर वाळूच्या ढिगाचं कोडं सांगितलं जातं. ढिगातून एकेक कण काढत गेलं, तर तो ढीग राहत नाही तो नेमका कोणत्या कणाला? १९२० मध्ये पोलंडच्या यान वुकासिएविच यांनी खरं आणि खोटं यांच्या मध्ये तिसरं मूल्य असलेलं तर्कशास्त्र मांडलं. १९२३ मध्ये बर्ट्रांड रसेल यांनी आणि १९३७ मध्ये मॅक्स ब्लॅक यांनी शब्दांच्या संदिग्धपणावर निबंध लिहिले. पण हे सगळं तत्त्वज्ञानाच्या वर्गात राहिलं. त्यावरून कोणी बॉयलर चालवायला गेलं नाही.

ते घडायला एक वेगळाच माणूस लागला. लोत्फी झादेह यांचा जन्म १९२१ चा, बाकू शहरातला. वडील इराणी पत्रकार, आई रशियन ज्यू डॉक्टर. दहाव्या वर्षी कुटुंब तेहरानला आलं. तिथे विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते १९४४ मध्ये अमेरिकेला गेले, एमआयटीत आणि मग कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९५९ पासून बर्कलीला प्राध्यापक झाले. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. झादेह हे गणित न जमलेले गृहस्थ नव्हते. १९६३ मध्ये त्यांनी चार्ल्स डेसोअर यांच्याबरोबर रेषीय प्रणालींवर ग्रंथ लिहिला होता. म्हणजे काटेकोर गणिताच्या बालेकिल्ल्यातलाच हा माणूस. आणि त्यालाच वाटायला लागलं की खऱ्या जगातल्या गुंतागुंतीच्या गोष्टींना हे गणित अपुरं पडतंय.

१९६४ च्या उन्हाळ्यात ते न्यूयॉर्कला आईवडिलांच्या घरी होते. एका संध्याकाळी मित्रांबरोबरचा जेवणाचा बेत रद्द झाला, आणि त्या रिकाम्या वेळात कल्पना सुचली, असं त्यांनी पुढे सांगितलं. १९६५ मध्ये त्यांचा ‘फझी सेट्स’ हा निबंध प्रसिद्ध झाला.

कल्पना अगदी साधी आहे. नेहमीच्या गणितात एखादी गोष्ट संचात असते किंवा नसते. ‘उंच माणसांचा’ संच करायचा तर कुठेतरी रेघ मारावी लागते. समजा १८० सेंटिमीटरला मारली. मग १८० वाला उंच आणि १७९ वाला उंच नाही? आपण बोलताना असं कधीच करत नाही. झादेह म्हणाले, सदस्यत्वालाच पातळी द्या. शून्यापासून एकपर्यंत. १९० वाला पूर्ण एक, १७९ वाला समजा ०.७, १६५ वाला ०.१. रेघेच्या जागी उतार आला.

इथे एक गैरसमज हमखास होतो. ही ०.७ म्हणजे शक्यता नव्हे. ‘उद्या पाऊस पडण्याची शक्यता सत्तर टक्के’ असं म्हटलं तर उद्या संध्याकाळी त्याचा निकाल लागतो. पडला किंवा नाही पडला. पण आत्ता बाहेर पडणारा पाऊस ‘जोराचा’ आहे का, याचं उत्तर ०.७ आहे असं म्हटलं, तर उद्यापर्यंत थांबून काही उपयोग नाही. पाऊस समोर आहे, सगळं दिसतंय. पुसट आहे ती शब्दाची कड. दुसरा गैरसमज नावामुळे होतो. ‘फझी’ म्हणजे धूसर, तेव्हा हे धूसर विचार करण्याचं शास्त्र असावं, असं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. धूसर शब्दांविषयी काटेकोरपणे बोलण्याची ही रीत आहे.

विरोध झाला, आणि तो किरकोळ माणसांनी केला नाही. रुडॉल्फ कालमन यांच्या पद्धतीवर अपोलो यानांचं दिशादर्शन चाललं. त्यांनी १९७२ मध्ये झादेह यांच्या मांडणीवर जाहीर टीका केली. त्यांचा रोख असा होता की ही शास्त्रातली शिस्त सैल करण्याची सोय आहे. बर्कलीतलेच सहकारी विल्यम काहान यांनी तर याहून कडक शब्द वापरले. संगणकात अपूर्णांकांचे हिशेब कसे व्हावेत याचं प्रमाण घडवण्यात त्यांचा मोठा वाटा, तेव्हा ढिलाईची त्यांना चीड असणारच. संख्याशास्त्रज्ञ डेनिस लिंडले यांचं म्हणणं होतं की अनिश्चिततेला संभाव्यताशास्त्र पुरेसं आहे, नवं काही नको. ही माणसं हट्टी होती म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांचा प्रश्न रास्त होता : यातून असं काय साधतं, जे आधी साधत नव्हतं?

झादेह यांच्याकडे १९६५ मध्ये याचं पटेल असं उत्तर नव्हतं. ते आलं १९७३ मध्ये. त्या वर्षीच्या निबंधात त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. एक, भाषिक चल. म्हणजे ज्याची किंमत आकडा नसून शब्द आहे अशी राशी. तापमान हे चल, आणि त्याच्या किमती ‘थंड’, ‘कोमट’, ‘गरम’, ‘फार गरम’. दुसरी गोष्ट म्हणजे या शब्दांत लिहिलेले ‘जर-तर’ नियम. त्यांनी असंही म्हटलं की प्रणाली जितकी गुंतागुंतीची, तितकं तिच्याविषयी एकाच वेळी काटेकोर आणि अर्थपूर्ण बोलणं अवघड होत जातं.

हा निबंध लंडनमध्ये एका माणसाच्या हाती पडला. इब्राहिम ममदानी. जन्म टांझानियातला, शिक्षण भारतात, आणि १९६६ मध्ये इंग्लंडला गेलेले. क्वीन मेरी कॉलेजमध्ये ते आणि त्यांचे विद्यार्थी सेतो असिलियान एका छोट्या वाफेच्या इंजिनावर प्रयोग करत होते. मूळ संशोधन होतं शिकणाऱ्या यंत्रांवरचं, आणि ते अडलं होतं. वाफेचं इंजिन दिसायला जुनाट, पण चालवायला मोठं खट्याळ. बॉयलरला उष्णता दिली की दाब वाढतो, पण लगेच नाही. वाफेची झडप उघडली की वेग वाढतो, पण दाब उतरतो. एकाला हात लावला की दुसरं हलतं. शिवाय इंजिनाचा स्वभाव एका प्रमाणात बदलत नाही, त्यामुळे सोपं समीकरण नीट बसत नाही.

पण माणूस हे इंजिन चालवू शकतो. तो काय म्हणतो? ‘दाब बराच खाली आहे आणि हलत नाहीये, तर उष्णता चांगली वाढव.’ ‘दाब थोडासाच खाली आहे आणि वर यायला लागलाय, तर फार हात लावू नकोस.’ ममदानी आणि असिलियान यांनी असे सुमारे दोन डझन नियम लिहिले. ‘मोठा’, ‘मध्यम’, ‘छोटा’, ‘शून्य’ हे शब्द, आणि फरक वरच्या बाजूला की खालच्या, एवढीच शब्दसंपत्ती.

हे यंत्रात कसं चालतं, ते एका उदाहरणाने बघू. यातले आकडे आम्ही समजावण्यापुरते घेतले आहेत. समजा आत्ताचा दाब ‘बराच कमी’ या शब्दात ०.३ बसतो आणि ‘किंचित कमी’ या शब्दात ०.७. नियम एक सांगतो, बराच कमी असेल तर उष्णता १० घर वाढवा. नियम दोन सांगतो, किंचित कमी असेल तर ४ घर वाढवा. जुन्या पद्धतीचं यंत्र म्हणेल, रेघ कुठे आहे ते बघा आणि एकच नियम पाळा. मग रेघ ओलांडली की उष्णता चारवरून एकदम दहावर उडी मारणार. फझी नियंत्रक दोन्ही नियमांचं ऐकतो, ज्याचं जितकं लागू तितकं. १० चे ०.३ म्हणजे ३, आणि ४ चे ०.७ म्हणजे २.८. बेरीज ५.८. दाब हळूहळू बदलला तर हे उत्तरही हळूहळू सरकतं, धक्का बसत नाही. नियमात ‘आणि’ असेल, म्हणजे ‘दाब कमी आणि स्थिर’, तर दोन पातळ्यांपैकी लहान ती घ्यायची. साखळीची ताकद तिच्या कच्च्या कडीएवढी, तसंच. ममदानी यांची शेवटची जुळणी थोडी वेगळी होती, पण गाभा हाच.

१९७४ आणि १९७५ मध्ये त्यांचे निबंध आले. इंजिनाचा स्वभाव बदलला की नेहमीच्या नियंत्रकाची पुन्हा जुळवणी करावी लागत होती. शब्दांच्या नियमांवरचा नियंत्रक मात्र तसाच चालत राहिला आणि काम अधिक चांगलं केलं. टीकाकारांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर प्रयोगशाळेत मिळालं होतं.

आता प्रयोगशाळेतून कारखान्यात जाऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. सिमेंटची भट्टी. प्रचंड लांबीची, किंचित तिरपी ठेवलेली, सावकाश फिरणारी पोलादी नळी. वरच्या टोकाने चुनखडीचं पीठ आत येतं, खालच्या टोकाला ज्वाला. माल घरंगळत खाली येतो आणि साधारण १४५० अंश सेल्सिअसला त्याचं क्लिंकर बनतं. तेच पुढे दळलं की सिमेंट. आत काय चाललंय हे नीट मोजणं महाकठीण. धूळ आणि उष्णता एवढी की मोजणारी उपकरणं भरवशाची राहत नाहीत, आणि क्लिंकर चांगलं भाजलं की नाही याचा प्रयोगशाळेतला निकाल येईपर्यंत बराच माल पुढे गेलेला असतो. कमी भाजलं तर सिमेंट खराब, जास्त भाजलं तर इंधन वाया आणि भट्टीच्या आतल्या विटांची झीज.

तर ही भट्टी चालवायचा कोण? ऑपरेटर. रंगीत काचेतून तो ज्वालेचा रंग बघायचा, माल आत कसा उसळतोय ते बघायचा, आणि दोन-तीन काटे वाचून ठरवायचा. प्रत्येक पाळीचा माणूस वेगळा आणि त्याचा हातही वेगळा.

१९७२ मध्ये पेरे आणि वॉडेल या दोघांनी फिरत्या सिमेंट भट्टीवर एक पुस्तक लिहिलं. ते ऑपरेटर घडवण्यासाठी होतं, संगणकासाठी नव्हे. त्यात एक तक्ता होता. तीन गोष्टी बघा : भाजण्याच्या पट्ट्यातलं तापमान, वायूतला प्राणवायू आणि मागच्या टोकाचं तापमान. प्रत्येक गोष्ट ‘कमी’, ‘ठीक’ किंवा ‘जास्त’. तीन त्रिक सत्तावीस परिस्थिती, आणि प्रत्येकीत इंधन, भट्टीचा वेग आणि हवेचा पंखा यांचं काय करायचं ते लिहिलेलं. काही ठिकाणी तर ‘फारच कमी’ असेल तर हे आणि ‘किंचित कमी’ असेल तर ते, असाही भेद होता.

मंडळी, इथे क्षणभर थांबू या. हे सत्तावीस नियम लिहिताना त्यात झादेह यांच्या सिद्धांताचा काही भाग नव्हता. ही होती भट्टीवरच्या माणसांची भाषा, त्यांच्या रोजच्या अनुभवातून आलेली. डेन्मार्कच्या एफ. एल. श्मिट या कंपनीतले अभियंते होल्मब्लाड आणि ओस्टरगार्ड यांनी ममदानी यांचं काम वाचलं, हा तक्ता समोर ठेवला, आणि त्यांच्या लक्षात आलं की नियम तर तयारच आहेत. १९७८ मध्ये त्यांनी खऱ्या भट्टीवर प्रयोग केले, आणि पुढे काही वर्षांत हे नियंत्रक विक्रीला आले. उद्योगात फझी नियंत्रण टिकून चाललं, त्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे एक.

गणिताने काय केलं? ‘किंचित कमी’ची कड कशी उतरते ते आखून दिलं आणि नियमांची बेरीज करून दिली. ज्ञान कोणी दिलं? झादेह यांचं नाव आपण घेतो, ममदानींचं घेतो, पुस्तकाच्या लेखकांचंही घेतो. पण काचेतून ज्वाला बघून ज्यांनी हे नियम अंगी बाणवले, त्यांची नावं या इतिहासात नाहीत. त्यांच्या तोंडचे शब्द मात्र यंत्रात गेले.

यानंतर गोष्ट जपानला जाते. १९८३ मध्ये फुजी इलेक्ट्रिकने पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात औषधाची मात्रा ठरवायला फझी नियंत्रण वापरलं. त्यात मिचिओ सुगेनो यांचा सहभाग होता. आणि जुलै १९८७ मध्ये सेंदाई शहराची भुयारी रेल्वे सुरू झाली. हिताची कंपनीच्या यासुनोबु आणि मियामोतो यांनी तिच्या नियंत्रणाची मांडणी केली होती. मुरलेला मोटरमन गाडी कशी थांबवतो? फलाट जवळ आला की तो सारखा ब्रेक दाबत-सोडत नाही. त्याच्या डोक्यात असं काहीतरी असतं : ‘आहे ते असंच ठेवलं आणि गाडी बरोबर जागी थांबणार असेल, तर हात लावू नकोस.’ हाच नियम यंत्रात होता. ते आधी हिशेब करायचं की हा खटका निवडला तर पुढे काय होईल, मग प्रत्येक पर्याय ‘सुरक्षित’, ‘आरामशीर’, ‘अचूक’ या शब्दांच्या मापाने तोलायचं. त्याच महिन्यात तोक्योला या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. जगभरच्या संशोधकांना चालती गाडी दाखवता आली, ही वेळही बरी साधली.

मग आली लाट. १९८९ मध्ये योकोहामाला केवळ याच विषयासाठी संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. १९९० मध्ये मात्सुशिता कंपनीचं फझी वॉशिंग मशीन बाजारात आलं आणि त्याच वर्षी ‘फझी’ हा जपानमध्ये वर्षातल्या गाजलेल्या नव्या शब्दांत पारितोषिक मिळवून गेला. त्या यंत्रांत प्रकाशाची एक किरणशलाका धुण्याच्या पाण्यातून जायची. पाणी किती गढूळ झालं आणि किती झटकन झालं, ते बघायचं. चिखलाचा मळ पाण्यात पटकन उतरतो, तेलकट मळ सावकाश. म्हणजे ‘गढूळ झालं, पण सावकाश’, तर जास्त वेळ धुवा. कपडे धुणाऱ्या कोणालाही ठाऊक असलेली गोष्ट.

हे सगळं जपानमध्येच का झालं? एक उत्तर फार लोकप्रिय आहे : पूर्वेकडच्या मनाला संदिग्धता मानवते, पश्चिमेला मानवत नाही. आपल्याकडेही याला जोडून ‘आमच्या स्याद्वादात हे होतंच’ असं म्हटलं जातं. आम्हाला हे दोन्ही पटत नाही. स्याद्वाद एकाच वस्तूकडे बघण्याच्या वेगवेगळ्या दृष्टींविषयी बोलतो, ‘गरम’ची कड कुठे उतरते याविषयी नाही. दोन्हींची गल्लत केली की दोन्हींवर अन्याय होतो. आणि डेन्मार्कची भट्टी तर युरोपातच होती. जपानच्या कंपन्यांकडे स्वस्त चिप होत्या, घराघरांत विकायच्या वस्तू होत्या आणि कारखान्यातल्या माणसाचं ऐकायची सवय असलेले अभियंते होते. आमच्या मते एवढं कारण पुरेसं आहे.

लाट ओसरलीही. शब्द जाहिरातीत गेला आणि गुळगुळीत झाला. १९९३ मध्ये चार्ल्स एल्कन यांनी अमेरिकेतल्या परिषदेत एक गाजलेला निबंध वाचला. त्यांचा मुद्दा असा : ही नियंत्रकं यशस्वी आहेत हे खरं, पण त्यांत नियम मोजके आहेत, तर्काची साखळी आखूड आहे, आणि आकडे हाताने जुळवून घेतलेले आहेत. तेव्हा यशाचं श्रेय या तर्कशास्त्राला कितपत द्यायचं? झादेह यांच्या बाजूच्या लोकांना हे झोंबलं. पण आम्हाला वाटतं, एल्कन यांनी नकळत याच इतिहासाची खूण दाखवली. नियम मोजके का पुरले? कारण ते आधीच कोणीतरी वर्षानुवर्षांच्या कामातून गाळून ठेवले होते.

यातून मर्यादाही कळतात. जिथे काम जाणणारा माणूस नाही, तिथे नियम येणार कुठून? बघायच्या गोष्टी तीनऐवजी दहा झाल्या आणि प्रत्येकीला तीन शब्द दिले, तर नियम होतात ५९,०४९. ते कोणी सांगू शकत नाही. आणि शब्द गावागावांत बदलतो. नागपूरकराचं मे महिन्यातलं ‘आज जरा बरं आहे’ महाबळेश्वरच्या माणसाला घाम फोडील. म्हणून ‘जास्त’ म्हणजे किती, हे ज्याचं काम त्यालाच विचारावं लागतं, आणि प्रत्येक भट्टीपाशी नव्याने विचारावं लागतं.

आजची शिकणारी यंत्रं हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवतात. ढीगभर उदाहरणं दाखवायची, नियम त्यांचे ते शोधतील. दहा काय, हजार गोष्टी एकदम बघू शकतात. पण आत जे तयार होतं ते शब्दांत नसतं. सिमेंटच्या नियंत्रकाने इंधन वाढवलं तर ऑपरेटर नियम वाचून म्हणू शकत होता, ‘सत्तावीसमधला हा चुकला, बदला.’ यंत्राशी भांडण्याची सोय त्याच्याच भाषेत होती. ती सोय आता पुष्कळ ठिकाणी राहिलेली नाही, आणि ती गमावताना आपण काय देतोय याचा हिशेब फार कमी वेळा होतो. झादेह स्वतः १९९० च्या दशकात शब्दांनी गणन करण्याविषयी लिहू लागले, ते याच सोयीसाठी. २०१७ मध्ये, ९६ व्या वर्षी ते गेले. ममदानी २०१० मध्येच गेले होते.

जाता जाता एक काम देऊन ठेवतो. आपल्या ओळखीत हाताने काम जाणणारं कोणी असेलच. गवंडी, हलवाई, मोटार दुरुस्त करणारे, नर्स, शेतात पाणी देणारे. त्यांच्यापाशी बसा आणि त्यांचे पाच नियम त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘माल जरा सुका वाटला तर…’ असे. मध्ये आकडे विचारू नका, ते नंतर बघता येतील. पुढच्या व्याख्यानाआधी काही जणांनी असे नियम पाठवले तर त्यांवरच बोलू. आता प्रश्न असतील तर घेऊ.